लीगचा अख्खा हंगामच रद्द झाला, तर आपण चाहत्यांनी करायचे काय?

बारावा गडी (धागाकर्ता)

ज्या लीगचे सामने मी गेली सोळा वर्षे न चुकता पाहत आलो आहे, तिचे संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील करार संपला असून नव्या कराराची बोलणी तिसऱ्यांदा फिसकटली आहेत. लीगचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण ते लिहिले की हा धागा ‘मालक बरोबर की खेळाडू बरोबर’ या वादात वाहून जाईल, आणि त्या वादावर इथे आधीच पुरेशी हाणामारी झाली आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. उद्या हंगाम रद्द झाल्याची घोषणा झाली, तर जे ना मैदानात उतरतात ना वाटाघाटींना बसतात, अशा आपण पुढचे सहा-सात महिने काय करावे?

“एखादा छंद लावून घ्या”, “घरच्यांना वेळ द्या” असले सल्ले कृपया नकोत; ते मला घरून विनामूल्य मिळतात.

अडचण नेमकी कुठे आहे ते सांगतो. आमचा पाच मित्रांचा गट आहे. पाच जण पाच ठिकाणी राहतो, पण सामना सुरू झाला की एकाच वेळी पाहतो आणि चेंडूगणिक एकमेकांना लिहितो. हंगाम चालू असताना त्या गटावर एका रात्रीत तीनशे-चारशे संदेश सहज होतात, आणि हंगाम संपला की वाढदिवसाच्या शुभेच्छांखेरीज तिकडे कोणी फिरकत नाही. परवा सहज मागे जाऊन पाहिले, तर गेल्या वर्षी दोन हंगामांच्या मधल्या काळात आम्ही एकूण अकरा संदेश लिहिले होते, आणि त्यांतले पाच शुभेच्छांचे होते. सलग दीड वर्ष हेच चालले तर गट टिकेल का, याची मला सामन्यांपेक्षा जास्त काळजी वाटते. असे दिवस ज्यांनी काढले आहेत, त्यांनी नेमके काय केले ते लिहावे.

रात्रपाळीचा प्रेक्षक

हे पूर्वी घडलेले आहे, आणि तेही अगदी आपण म्हणता त्याच कारणावरून. उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीची लीग, एनएचएल, हिचा २००४–०५चा संपूर्ण हंगाम मालकांनी पुकारलेल्या टाळेबंदीमुळे १६ फेब्रुवारी २००५ रोजी अधिकृतपणे रद्द झाला. १,२३० सामन्यांपैकी एकही झाला नाही. (अवांतर: २०२०नंतर ‘टाळेबंदी’ म्हटले की सर्वांना साथीचे दिवस आठवतात, मूळ अर्थ मालकाने कामगारांना बाहेर ठेवून कुलूप लावणे असा आहे आणि इथे तोच अभिप्रेत आहे.) विजेत्यांची नावे कोरण्याची प्रथा असलेल्या स्टॅन्ली करंडकावर त्या वर्षासाठी ‘२००४–०५ हंगाम खेळला गेला नाही’ अशा अर्थाची ओळ कोरलेली आहे.

त्या काळात चाहत्यांनी केलेली एक गोष्ट मला फार आवडते. कॅनडातील काही हौशी हॉकीपटूंनी थेट न्यायालयात जाऊन विचारले की हा करंडक नक्की कोणाच्या मालकीचा आहे. लॉर्ड स्टॅन्ली यांनी तो १८९२मध्ये देणगीदाखल दिला तेव्हा ही लीग अस्तित्वातही नव्हती; मग लीग खेळत नसेल तर करंडकासाठी दुसऱ्या कोणी का खेळू नये? पुढे २००६मध्ये तडजोड झाली, आणि लीगने एखाद्या वर्षी स्पर्धाच भरवली नाही तर विश्वस्त तो करंडक लीगबाहेरच्या संघाला देऊ शकतात, हे मान्य झाले. रिकाम्या हंगामात चाहत्याने कायद्याची कागदपत्रे वाचून काढावीत, हा काही वाईट उद्योग नव्हे.

आता याच्या शेजारी १९९४चे अमेरिकन बेसबॉल ठेवून पाहा. १२ ऑगस्टला खेळाडू संपावर गेले आणि १४ सप्टेंबरला उरलेला हंगाम व अंतिम मालिका रद्द झाली. माँट्रियल एक्स्पोज हा संघ ७४ विजय आणि ४० पराभवांसह सर्वांच्या पुढे होता. सॅन दिएगोच्या टोनी ग्विनची फलंदाजीची सरासरी .३९४ होती, म्हणजे दुर्मीळ अशा .४००च्या उंबरठ्यावर तो उभा होता. दोन्ही गोष्टी तिथेच गोठल्या. पुढच्या हंगामात प्रेक्षकसंख्या सुमारे वीस टक्क्यांनी घसरली, आणि न्यूयॉर्कच्या मैदानावर ‘हाव’ अशा अर्थाचा शब्द छापलेले शर्ट घालून तिघे जण आत घुसले व त्यांनी खेळाडूंच्या अंगावर एकेक डॉलरच्या नोटा उधळल्या. हॉकीत मात्र उलटे झाले. २००५–०६मध्ये लीगने तोवरचा प्रेक्षकसंख्येचा उच्चांक केला.

खेळ परतला तेव्हा नियम बदलून तो वेगवान केलेला होता, हे हॉकीच्या बाबतीतले एक कारण आहेच. पण माझे मत असे की सुरूच न झालेला हंगाम माणूस सोसतो. अर्ध्यावर तोडलेला सोसत नाही. आपला हंगाम अजून सुरू झालेला नाही, यात समाधान माना.

तिसरा पंच

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु धागाकर्त्याला ‘काय करावे’ हे हवे आहे. माझे उत्तर सरळ आहे: दुसरी लीग दत्तक घ्यावी, आणि ती शक्य तितकी अनोळखी असावी.

२०२०च्या वसंतात बहुतेक खेळ बंद असताना बेलारूसचे फुटबॉल चालू राहिले होते. ज्यांनी त्या देशाचा नकाशाही कधी पाहिला नव्हता असे लोक, त्यांत ऑस्ट्रेलियातलेही बरेच, स्लुत्स्क नावाच्या लहानशा क्लबचे कट्टर पाठीराखे झाले. त्याच वर्षी ५ मे रोजी दक्षिण कोरियाची बेसबॉल लीग सुरू झाली आणि तिचे सामने अमेरिकेत दाखवले जाऊ लागले. तिथल्या एका संघाचे नाव एनसी डायनोज. नॉर्थ कॅरोलायना राज्याची आद्याक्षरेही तीच, आणि त्या राज्यात सर्वोच्च लीगचा बेसबॉल संघ नाही. एवढ्या भांडवलावर तिथल्या लोकांनी समुद्रापलीकडचा तो संघ आपला मानला. त्या वर्षीची कोरियन मालिका, म्हणजे त्या लीगचे विजेतेपद, त्यांनीच जिंकली.

आणखी एक पर्याय म्हणजे खालच्या पायरीवरचे सामने पाहणे. १९८१मध्ये बेसबॉलचा संप चालू होता, पण दुय्यम लीग खेळत होत्या. पॉटकेट आणि रॉचेस्टर या अमेरिकन संघांतील सामना, जो एरवी नऊ डावांत संपतो, १८ एप्रिलला सुरू होऊन ३२ डाव झाले तरी बरोबरीतच होता, आणि पहाटे चारनंतर तो थांबवला तेव्हा स्टेडियममध्ये १९ प्रेक्षक उरले होते. २३ जूनला तो पुढे सुरू झाला तेव्हा संपामुळे देशभरातल्या पत्रकारांना दुसरे काही कामच नव्हते. मैदान भरले, आणि ३३व्या डावात अठरा मिनिटांत सामना संपला. मोठी लीग चालू असती तर त्या अठरा मिनिटांकडे इतक्या लोकांनी वळून पाहिले असते, असे मला वाटत नाही.

जुने सामने पुन्हा पाहणे हा उपाय मात्र मला पटत नाही. निकाल ठाऊक असताना पाहायचे ते काय?

बारावा गडी (धागाकर्ता)

तिसरा पंच, स्लुत्स्कची गोष्ट वाचून हसू आले आणि थोडा हेवाही वाटला. पण आमच्या गटात पाच जणांची पाच मते. एकाने दत्तक घेतलेला संघ उरलेल्या चौघांना सावत्रच वाटणार. शिवाय एक प्रामाणिक कबुली देतो: दुसऱ्या लीगचा सामना पाहताना मी दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे पाहतो. आपल्या लीगमध्ये कोणत्या गोलंदाजाचा गुडघा दुखावलेला आहे आणि कोण कोणाच्या जागी आले, हे सगळे डोक्यात असते, म्हणून रटाळ षटकही रटाळ वाटत नाही. ते नवीन ठिकाणी उभे राहायला किती काळ लागतो?

धावफलक

तिसरा पंच यांच्या शेवटच्या वाक्याशी असहमत. जुना सामना नुसता पाहू नये, तो नोंदवहीत लिहावा. निकाल ठाऊक असणे तिथे आडवे येत नाही, कारण तुमचे भांडण निकालाशी नसून बेरजेशी असते.

सुरुवात छापील धावफलकापासून करा. मी १९८३च्या विश्वचषकाचा अंतिम सामना घेतला होता, भारताचा पहिला डाव. फलंदाजांच्या धावांची बेरीज केली: गावस्कर २, श्रीकांत ३८, इथपासून संधू नाबाद ११ इथपर्यंत, एकूण १६३. अवांतर २०: बाय ५, लेगबाय ५, वाइड ९, नोबॉल १. एकूण १८३. जमले. मग उलट बाजूने तपासले. आजच्या पद्धतीने वाइड आणि नोबॉल गोलंदाजाच्या खात्यावर पडतात, बाय आणि लेगबाय पडत नाहीत. म्हणजे गोलंदाजांनी दिलेल्या धावा १७३ भरायला हव्यात. रॉबर्ट्स ३२, गार्नर २४, मार्शल २४, होल्डिंग २६, गोम्स ४९, रिचर्ड्स ८. बेरीज १६३. दहा धावा गायब!

मी ती बेरीज चार वेळा केली. मग छपाईची चूक समजून दुसरा धावफलक शोधला, तिथेही तेच आकडे. शेवटी ध्यानात आले की त्या काळी वाइड आणि नोबॉलही गोलंदाजाच्या नावावर लावत नसत. ती पद्धत नंतर, ऐंशीच्या दशकाच्या मध्यास बदलली. म्हणजे आपण जुन्या आणि नव्या गोलंदाजांचे धावा देण्याचे दर शेजारी ठेवून तावातावाने वाद घालतो, तेव्हा दोघांना एकच मोजपट्टी लावलेली नसते. चाळीस वर्षे हा सामना मला पाठ होता, आणि ही गोष्ट कधीच दिसली नव्हती.

धावफलक जुळवता येऊ लागले की पूर्ण चित्रीकरण उपलब्ध असलेला एक सामना निवडा आणि चेंडू न् चेंडू लिहा. वीस षटकांच्या एका डावाला पहिल्यांदा तीन तास लागतात, कारण पंचाची खूण चुकते आणि मागे जावे लागते. पाच जणांचा गट असेल तर उत्तम: दोघांनी फलंदाजीची बाजू लिहावी, दोघांनी गोलंदाजीची, आणि पाचव्याने दर षटकाला दोन्हीकडचे आकडे पडताळावेत. चारशे संदेश होतील याची हमी मी देतो, त्यातले निम्मे भांडणाचे.

बाकी शून्य

इथे कोणी म्हणत नाही म्हणून मी म्हणतो. माझ्या आवडत्या लीगचा हंगाम एकदा निम्मा कापला गेला. पहिले तीन आठवडे चिडचिड झाली, चौथ्या आठवड्यापासून झोप पूर्ण होऊ लागली, आणि लीग परतली तेव्हा मी परतलो नाही. काही बिघडले नाही. ‘काय करायचे’ या प्रश्नात ‘काही न करता सोडून देणे’ हेही एक उत्तर आहे, आणि संघमालकांना त्याच उत्तराची सर्वांत जास्त भीती वाटते. कोरियापासून बेलारूसपर्यंत पर्यायी व्यसने शोधणाऱ्या मंडळींविषयी आदर बाळगून एवढेच लिहितो.

लेगबाय

बाकी शून्य, आपले उत्तर एकट्याने पाहणाऱ्याला लागू पडते. माझ्यासारखीला पडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे आणि माझ्या बाबांचे बोलणे बहुतेक सामन्यांपुरतेच. याचा अर्थ आमचे पटत नाही असा नव्हे. ते मुळात कमी बोलतात, आणि “बरी आहेस ना” यानंतर दोघांनाही काही सुचत नाही. सामना असला की मध्यंतरात त्यांचा फोन येतो. “कर्णधाराला कळतं का काही?” हे पहिले वाक्य ठरलेले. त्यानंतरच्या पंधरा मिनिटांत त्यांच्या गुडघ्याचे, माझ्या नोकरीचे, शेजारच्यांच्या भांडणाचे सगळे निघते, पण निघते ते कर्णधाराच्या आडून.

२०२०मध्ये सामने थांबले तेव्हा फोनही थांबले. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी मीच त्यांना त्या नेहमीच्या वेळी फोन केला आणि एका जुन्या सामन्याचा धावफलक वाचून दाखवला. संघांची नावे, वर्ष आणि खेळाडूंची नावे वगळून, फक्त आकडे. “सलामीवीर शून्य, दुसरा चार, तिसरा एकशे बारा,” असे. त्यांनी सामना ओळखायचा. पहिल्या वेळी सहाव्या फलंदाजापर्यंत गप्प होते, मग म्हणाले, “हा तिसरा धावबाद झाला असेल, तर मला माहीत आहे हा कुठला.” आणि तो धावबादच होता.

पुढच्या आठवड्यापासून ते मला आकडे वाचून दाखवू लागले. त्यासाठी त्यांनी जुनी कात्रणे काढली होती, हे मला आईकडून नंतर कळले. बारावा गडी, आपल्या गटाला दुसरी लीग सापडो न सापडो, ठरलेली वेळ मोडू देऊ नका. एकदा दोन-तीन आठवडे ती वेळ चुकली की मग फोन करायलाही निमित्त शोधावे लागते, हे मी अनुभवाने सांगते.

गोलफरक

सर्वांनी हंगाम सुरूच होणार नाही असे गृहीत धरले आहे. समजा, तो सुरू झाला आणि दोन-तृतीयांश सामन्यांनंतर गुंडाळला गेला, तर काय? तिथे चाहत्यांच्या हाताला खरे काम मिळते, कारण तालिकेचे काय करायचे यावर जगात एकमत नाही.

२०२०मध्ये नेदरलँड्सच्या फुटबॉलमध्ये विजेता कोणीच नाही, वरच्या विभागात बढती नाही आणि खालच्या विभागात पदावनतीही नाही असे ठरले. आयाक्स आणि एझेड यांचे प्रत्येकी ५६ गुण होते, आणि दुसऱ्या विभागात आघाडीवर असलेल्या कांबूरला वर जाता आले नाही. फ्रान्समध्ये पॅरिस सेंट जर्मेनला विजेते ठरवून आमियाँ आणि तुलूझ यांना खाली पाठवले. स्कॉटलंडमध्ये प्रतिसामना सरासरी गुण काढले. सेल्टिक विजेते झाले, आणि तळाचा हार्ट्स संघ आठ सामने शिल्लक असताना वरच्या संघापेक्षा फक्त चार गुणांनी मागे असूनही खाली गेला. इंग्लंडमध्ये तर १९३९ साली युद्ध सुरू झाल्यावर तीन फेऱ्यांचे निकालच पुसून टाकले होते. तिन्ही सामने जिंकून ब्लॅकपूल पहिल्या स्थानावर होता, त्याचे काय झाले असेल याची कल्पना करा.

आम्ही काही जणांनी अपुरा हंगाम चिठ्ठ्यांवर पुरा केला होता. यजमान संघाने स्वतःच्या मैदानावरच्या शेवटच्या दहा सामन्यांत केलेले गोल दहा चिठ्ठ्यांवर लिहायचे, पाहुण्यांनी बाहेरच्या दहा सामन्यांत खाल्लेले गोल दुसऱ्या दहांवर. वीस चिठ्ठ्यांतून एक काढली की यजमानांचे गोल ठरले. पाहुण्यांसाठीही तसेच. बलवान संघाच्या चिठ्ठ्यांत तीन-चारचे आकडे असतात आणि दुबळ्यांच्यात शून्येच शून्ये, त्यामुळे निकाल बऱ्यापैकी विश्वसनीय वाटतात, तरी अधूनमधून तळाचा संघ अव्वल संघाला हरवतो. हे एकदा करून भागत नाही. शंभरदा केले तर ‘चार गुणांनी मागे’ म्हणजे वाचण्याची आशा खरोखर किती, याचा अंदाज येतो. आमच्यातल्या एकाने ते संगणकावर एका मिनिटात करून दाखवले, आणि त्याला गटातून आठवडाभर बाहेर ठेवण्यात आले.

पायरी नववी

पैशाविषयी कोणीच बोललेले नाही, आणि ज्यांनी हंगामी तिकीट आधीच काढले आहे त्यांना तो प्रश्न पहिल्या दिवशीच पडणार आहे.

माझा अनुभव असा की क्लबकडून तीन पर्याय देणारे पत्र येते: परतावा घ्या, रक्कम पुढच्या हंगामात वळती करा, किंवा क्लबला देणगी म्हणून सोडून द्या. माझ्या वेळी पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते की ठरावीक मुदतीत उत्तर न आल्यास दुसरा पर्याय निवडला असे समजण्यात येईल. मी ते पत्र ‘नंतर वाचू’ म्हणून ठेवले आणि मुदत गेली. तेव्हा पत्र आले की शेवटून वाचायला सुरुवात करावी. सामने दाखवणाऱ्या वाहिनीची वर्गणी आपोआप नूतनीकृत होत असेल तर तेही तपासावे, कारण तिथे पत्रसुद्धा येत नाही.

मात्र सर्वच पैसे परत मागावेत असे मी म्हणणार नाही. जर्मनीतील लाइपझिगच्या लोकोमोटिव्ह या खालच्या विभागातील फुटबॉल क्लबने २०२०मध्ये एका अदृश्य प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या, कधीच न होणाऱ्या सामन्याची तिकिटे एकेक युरोला विकायला काढली. १९८७च्या एका उपांत्य सामन्याला १,२०,००० प्रेक्षक आले होते, तो आकडा ओलांडायचा असा संकल्प होता, आणि प्रत्यक्षात १,८०,०००हून अधिक तिकिटे गेली. इटलीत बर्गामोच्या अटलांटा या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांनी, परदेशातल्या ज्या सामन्याला त्यांना जाता आले नाही त्याच्या तिकिटांचा परतावा तिथल्या रुग्णालयाला दिला. अमेरिकेत बास्केटबॉल थांबले तेव्हा क्लीव्हलँडच्या संघातील खेळाडू केव्हिन लव्हने तिथल्या स्टेडियममधील कर्मचाऱ्यांसाठी एक लाख डॉलर देऊ केले. तिकीट तपासणारे, झाडलोट करणारे, वाहने लावून देणारे यांना सामन्यागणिक रोजंदारी मिळते. टाळेबंदी मालक आणि खेळाडू यांच्यात होते आणि तिचा पहिला फटका यांना बसतो. चाहत्यांच्या संघटनेने क्लबला लिहायचेच असेल तर यांच्याविषयी लिहावे, असे माझे मत आहे.

बारावा गडी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. काल रात्री हा धागा गटावर टाकला. दोन तासांत बासष्ट संदेश आले, जे हंगामाबाहेर आजवर कधीच झाले नव्हते.

ठरले ते असे: सामन्यांची जी वेळ होती तीच ठेवायची, आठवड्यातून एकदा. पहिल्या चार आठवड्यांत लेगबाय यांचा आकड्यांवरून सामना ओळखण्याचा खेळ, कारण त्याला काही सामग्री लागत नाही. पाचव्यापासून धावफलक यांच्या पद्धतीने एक पूर्ण सामना लिहायचा. आम्ही २०१६चा एक सामना निवडला आहे, ज्यातल्या शेवटच्या षटकावरून आमच्यात आजही दोन तट आहेत. स्लुत्स्क तूर्तास राखीव. गटातल्या एकाचे म्हणणे बाकी शून्य यांच्यासारखेच पडले आणि तो येणार नाही. त्याला कोणी आग्रह केला नाही. म्हणजे आम्ही चौघेच उरलो आणि पडताळणीला पाचवा कोणी नाही. धावफलक, चौघांत वाटणी कशी करावी?

धावफलक

एकाने फलंदाजी, एकाने गोलंदाजी, एकाने फक्त अवांतर आणि गडी बाद झाल्यावेळची धावसंख्या. चौथ्याने चित्रीकरण चालू-बंद करायचे आणि प्रत्येक षटकानंतर तिघांना आकडे विचारायचे. हे काम सर्वांत कंटाळवाणे असल्याने दर पाच षटकांनी बदलावे. आणि पेनने लिहू नका. त्या शेवटच्या षटकावरून दोन तट असतील, तर खोडरबर जवळ लागेल.